राखीव हवालदार

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे गच्चीवरची पाण्याची टाकी धुतली. रविवार होता. हवालदार चड्डी-बनियनवर टाकीत उतरून काथ्याने भिंती घासत होता आणि मी वर तोंडाशी बसून गाळाची बादली ओढत होतो. बदलापुरात आमच्या हेंद्रेपाड्याला पाणी येतं त्यात माती किती आणि पाणी किती, ते टाकी धुताना कळतं.

"मामा, बादली!" आतून त्याचा आवाज घुमायचा. "मामा, झोपलात काय?"

तेवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजला. फोन माझ्या बायकोचा. ती खाली झोपली होती, तिची झोप मोडू नये म्हणून मी वर आणलेला. हवालदार स्वतः फोन ठेवत नसे. त्याच्या गावाकडच्या बायकोने, कंपनीने, त्याच्या पलटणीने, सगळ्यांनी ह्याच नंबरवर फोन करायचा आणि माझ्या बायकोने निरोप द्यायचा. तो तिला 'कंट्रोल' म्हणायचा.

"हवलदार साहब से बात कराइए." आवाज कडक. पलटणीतून होता. मंगळवारी दुपारी बाराच्या आत सामानासकट हजर व्हायचं, असा निरोप. "हैं क्या वहां?"

मी टाकीत बघितलं. ओलं डोकं, पाठीला चिखल.

"वो बाहर गया है," मी म्हटलं.

"मामा, बादली!" टाकी बोलली.

"पीछे कौन है?"

"टीव्ही है साहब. आएगा तो मैं बोलता उसको."

"पक्का बोलना."

"पक्का."

फोन खिशात टाकला आणि बादली ओढली. "कोण होतं?" खालून आलं.

"गॅसवाला. सिलिंडर उद्या येणार म्हणतो."

"रविवारी पण फोन करतात?"

"करतात आता," मी म्हटलं, आणि रिकामी बादली खाली सोडली.

मी सातवी शिकलेला फिटर. लिहायची सवय नाही. पण बायको गेल्यापासून घरात बोलायला माणूस नाही, आणि हवालदाराबद्दल मी बिल्डिंगमध्ये आजवर जे सांगत आलो ते अर्धं आहे. म्हणून आता सगळं लिहितो.

तो मूळचा साताऱ्याकडचा. अंबरनाथला आनंदनगरच्या एमआयडीसीत आमची केमिकलची कंपनी, तिथे मी मेंटेनन्सला आणि तो बॉयलरवर. मी रिटायर झालो तरी तो आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर मागची खोली भाड्याने घेऊन राहत होता. आणि वर्षातून दोन महिने तो फौजी व्हायचा. टेरिटोरियल आर्मी. ही फौज अशी आहे की तिच्यात शिरायला आधी बाहेर नोकरी-धंदा पाहिजे. एरवी माणसाने आपलं पोट भरायचं, वर्षातून एकदा जाऊन वर्दी घालायची, आणि सरकारने हाक मारली की हातातलं टाकून निघायचं. परत आला की कंपनीने त्याची जागा त्याला द्यायची. कंपनीतल्या लोकांच्या हे पचनी पडत नसे.

"हवालदार, युद्ध झालं तर रजा शिल्लक आहे का रे?" कॅन्टीनमध्ये चिडवायचे. एकाने 'पार्टटाइम फौजी' नाव ठेवलं. हवालदार चिडला नाही. त्या माणसाला ताटावरून उठवून बॉयलर हाऊसमध्ये घेऊन गेला. तिथे बॉयलरला पाणी देणारे दोन पंप.

"हा चालतो. हा दुसरा कशाला?"

"स्टँडबाय."

"मग रोज सकाळी मी ह्याला दहा मिनिटं का चालवतो?"

"टाइमपास."

"नाही चालवला तर ज्या दिवशी पहिला बंद पडेल त्या दिवशी हा जाम निघेल. बॉयलरमध्ये पाणी नसेल. आणि तू इथे उभा असशील, आत्ता उभा आहेस तिथे."

तो माणूस दोन पावलं मागे सरकला. नंतर कितीतरी दिवस त्या बाजूला फिरकला नाही.

"राखीव म्हणजे उरलेला माल नव्हे मामा," तो मला म्हणायचा. "राखीव म्हणजे ज्याला सगळ्यांचं काम येतं आणि जो अजून दमलेला नाही."

त्याची पलटण विमानातून छत्री घेऊन उडी मारणाऱ्यांची. एकदा हाक आली तेव्हा दोन वर्षं तिकडे वर काश्मिरात होता, आणि त्यातले काही महिने कमांडोंच्या एका लहान तुकडीबरोबर. त्याच्याकडून गोष्टी काढायला बिल्डिंगमधले जीव टाकायचे.

"किती मारले?"

"नखं मारली. पायाची. दर चार दिवसांनी कापायची, नाहीतर चालताना बुटात बोटं सोलतात."

"अरे पण केलं काय तिकडे?"

"वाट बघितली. झाडाखाली पडून तीन-तीन दिवस एकच घर बघितलं." मग म्हणाला, "मोठी पलटण दरवाजा तोडायला येते. आम्ही आधी जाऊन बघून यायचं, दरवाजा कुठल्या बाजूला उघडतो ते. आम्ही येऊन गेलो हे कोणाला कळलं नाही की काम झालं."

लोक निराश होऊन उठायचे.

पण ते बघणं त्याच्या अंगातून गेलं नाही. हॉटेलात दरवाजाकडे पाठ करून बसायचा नाही. कंपनीतून घरी येताना रोज रस्ता बदलायचा. मी त्याच्या मोटरसायकलवर मागे. एक दिवस हायवे, एक दिवस आतून, एक दिवस थेट जांभूळ गावावरून, खड्ड्यांतून. माझी कंबर ढिली व्हायची.

"अरे आपल्याला कोण मारायला बसलंय? फिटरला आणि बॉयलरवाल्याला?"

"म्हणून तर जिवंत आहात मामा," तो म्हणायचा.

फौजेला न्यायची बॅग त्याने उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात एका सिंधी शिवणवाल्याकडून शिवून घेतली. आठ खिसे, आणि प्रत्येक खिसा अंधारात हाताला वेगळा लागला पाहिजे, म्हणून प्रत्येकाचं कापड वेगळं. शिवणवाला डोक्याला हात लावून बसला. "साईं, फौज बॅग नहीं देती क्या? आठ पॉकेट में क्या डालोगे, दुकान?" हवालदाराने डोळे मिटले, बॅगेत हात घातला आणि म्हणाला, "ये तीसरा और ये पांचवां एक जैसा लग रहा है. खोलो." दोघांत तासभर जुंपली. शेवटी शिवणवाल्याने स्वतः डोळे मिटून आठही खिसे चाचपले आणि पाचवा उसवायला घेतला.

त्याची सगळ्यात मोठी खोड वेगळीच. काम लहान असो मोठं असो, संपलं की गोल बसायचं आणि तीन गोष्टी विचारायच्या. ठरलं काय होतं, झालं काय, आणि तसं का झालं. त्याला तो डीब्रीफ म्हणायचा. कमांडोंच्या तुकडीत म्हणे त्या वेळी हुद्दा नसतो. शिपाई कॅप्टनला तोंडावर सांगतो, साहेब, तुमच्यामुळे आज सगळे गेलो असतो. कॅप्टन ऐकून घेतो. नियम दोनच. खोटं बोलायचं नाही आणि रागवायचं नाही.

बिल्डिंगच्या सत्यनारायणानंतर त्याने कमिटीला जिन्यात बसवलं, प्रसाद कमी का पडला म्हणून.

"अहो, देवाचं काम आहे," सेक्रेटरी म्हणाले.

"देवाने किती माणसं सांगितली होती?"

सेक्रेटरी महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत.

माझी बायको ह्या डीब्रीफला पंचायत म्हणायची, पण तिला ती आवडायची. आमच्या संसारात, तुझ्या मते काय चुकलं, असं तिला कोणी विचारलंच नव्हतं. माझ्यासकट.

तिला साखर. मग किडन्या गेल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी उल्हासनगरला डायलिसिस. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि तिच्या पायांत जीव उरला नव्हता. मुलगी सुरतेला, तिचं तिला पुरे. सुरुवातीला मीच तिला उचलून न्यायचो. एकदा जिन्यात माझा पाय घसरला. मी कठडा धरला, म्हणजे तिला सोडलं. तिचं कपाळ भिंतीवर आपटलं. रक्त फार नव्हतं. पण तिने माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरलो नाही. रिक्षावाल्याने हात लावलेला तिला चालत नसे. त्या दिवसापासून हवालदार तिला पाठीवर घेऊन उतरवायचा आणि चढवायचा, आणि पाळ्या त्याप्रमाणे बदलून घ्यायचा. आठ महिने. एक दिवस चुकला नाही.

पाठीवरून जाताना ती म्हणायची, "सामान निघालं."

"सामानाने बोलायचं नाही," तो म्हणायचा.

"पंचायतीत बोलेन मग."

तो मात्र माझ्या मागे लागला होता. त्याच्या तुकडीत प्रत्येकाला दोन कामं यायलाच लागत. वायरलेसवाल्याला सुई टोचता यायची, मलमपट्टीवाल्याला नकाशा. म्हणून त्याने मला कणीक मळायला शिकवली, तिची इन्सुलिनची सुई द्यायला शिकवली. ते मी शिकलो. उचलायचं मात्र जमवलं नाही. त्याने तांदळाचं पोतं आणलं. गुडघे कसे वाकवायचे, भार कमरेवर कसा घ्यायचा, एक हात कठड्याला कधी लावायचा, सगळं दाखवलं. मी दोन दिवस केलं. तिसऱ्या दिवशी म्हटलं, कंबर धरली, उद्या करू.

"मामा, मला कधीपण बोलावतील."

"बोलावतील तेव्हा बघू."

"तेव्हा बघायला मी इथे नसणार ना."

पोतं तसंच कोपऱ्यात राहिलं. मग आम्ही ते खाऊन टाकलं.

आता कळलं असेल, टाकीवर बसून मी खोटं का बोललो. त्या आठवड्यात टीव्हीवर दिवसभर सीमेच्या बातम्या चालल्या होत्या. तो गेला तर कधी येईल, येईल का, मला ठाऊक नव्हतं. निरोप कळला की तो त्याच रात्री निघणार. मला एवढंच दिसत होतं, सोमवार सकाळ, जिना, आणि मी. डायलिसिस चुकलं की तिचं अंग सुजायचं, श्वास लागायचा. आणि उचलून पडलो तर. मी दोन्ही बाजूंनी बघत होतो, दोन्हीकडे ती मरत होती.

दुसरीकडे हेही ठाऊक होतं की त्याच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत तो कधी एक मिनिट उशिरा हजर झालेला नाही. तेवढ्याच एका गोष्टीची तो बढाई मारायचा.

मी ठरवलं, सोमवार जाऊ दे, मग सांगतो. सोमवारी त्याने तिला उतरवलं, तोंडाने शीळ घालत. रिक्षात मी पुढे बसलो, त्याचं तोंड दिसू नये म्हणून. ती मशीनवर लागली की सांगतो. लागली. मशीनवरून निघाली की सांगतो. निघाली. घरी पोचल्यावर. घरी पोचलो, त्याने तिला पलंगावर ठेवलं, पाणी प्यायला आणि दुसऱ्या पाळीला पळाला. पंचायत उद्या संध्याकाळी, म्हणाला. फोन मी सायलेंटवर टाकून तांदळाच्या डब्यामागे ठेवला. ती दोनदा विचारत होती, फोन कुठाय. मी म्हटलं, चार्जिंगला.

रात्रभर मी तो निरोप कसा सांगायचा त्याची वाक्यं जुळवत पडलो. सकाळी त्याची पहिली पाळी. तो निघताना त्याच्या मोटरसायकलचा आवाज मी खिडकीतून ऐकला, खाली गेलो नाही. दहा वाजले. अकरा वाजले. अजून निघाला तर थोडासाच उशीर, असं म्हणत कंपनीत फोन लावायला डब्यामागे हात घातला आणि काढून घेतला. फोन तिच्या उशाशी नेऊन ठेवला, म्हणजे माझ्या हाताशी नको. बारा वाजले. काही झालं नाही. कुकरची शिट्टी झाली.

तीनच्या सुमाराला मी औषधं आणायला खाली गेलो होतो.

सहा वाजता तो आंघोळ करून वर आला. मी चहा केला. तिच्या पलंगाशी खुर्च्या ओढून बसलो. पहिलं बोलायचा मान तिचा.

"सोमवारचं सगळं ठीक होतं," ती म्हणाली. "रविवारचं काढा."

"रविवारचं काय मामी? टाकी धुतली."

"टाकी धुताना फोन कोणाचा आला होता?" हे माझ्याकडे बघून.

"गॅसवाल्याचा," मी म्हटलं.

"गॅसवाला आज तीन वाजता परत फोन करून विचारत होता. हवालदार अजून पोचले कसे नाहीत म्हणून."

हवालदाराने हातातला कप खाली ठेवला.

"मामा, ठरलं काय होतं?" हवालदाराचा आवाज नेहमीसारखाच होता.

"मी तुला सांगायचं होतं."

"हजर कधी व्हायचं होतं?"

"आज. बाराला."

"झालं काय?"

"मी सांगितलं नाही."

"का?"

मी तिच्याकडे बघितलं. ती चादरीची घडी घालत होती, उलगडत होती. "हिला उचलणार कोण," मी म्हटलं.

त्याने फोन मागितला. उठून ताठ उभा राहिला, जसं काही साहेब समोर आहे. "गलती मेरी है साब. नहीं साब. खबर घर पे दी गई थी, मैंने नहीं ली. कोई बहाना नहीं साब." मग बराच वेळ तिकडचं ऐकलं. "मेरी जगह कौन गया साब?" नाव त्याला कळलं असावं, कारण त्याने डोळे मिटले. "जी. कल सुबह दस बजे."

फोन त्याने तिच्या उशाशी ठेवला.

"हवालदार, मार मला," मी म्हटलं. "दोन मार, पण बोल काहीतरी."

"डीब्रीफमध्ये रागवायचं नसतं मामा."

कप उचलला, मोरीत जाऊन न पिता ओतला, विसळून पालथा घातला. दारात गेल्यावर म्हणाला, "डीब्रीफ संपल्यावर रागावता येतं," आणि जिना उतरून गेला.

पुढचं आत्ताच सांगून टाकतो, मला ते शेवटाला ठेवायचं नाही. त्याची तुकडी त्याच्याशिवाय निघून गेली होती. त्याच्या जागी दुसरा गेला. ह्याला मागे ठेवलं, कुठल्यातरी गोदामाच्या पहाऱ्यावर, वय झालेल्यांबरोबर. तो दुसरा माणूस कोण, मला ठाऊक नाही. तो परत येईपर्यंत माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. टीव्हीवर कोणाचा फोटो दाखवला की मला वाटायचं, हाच तो, ह्याला मी धाडलं. तो धडधाकट परत आला, असं हवालदाराच्या बायकोने फोनवर सांगितलं तेव्हा मी मोरीत जाऊन रडलो. हवालदार बदलापूरला परत आला नाही. त्याचा मेहुणा येऊन खोली रिकामी करून गेला. माझी बायको पुढे तीन महिने होती. तिच्या तेराव्याला तिच्याच फोनवर फोन आला.

"मामा, जेवता का?"

"जेवतो."

"कोण करतं?"

"मीच."

"बरं." फोन बंद झाला. माफ केलं का, ते मी विचारलं नाही. त्याने सांगितलंही नाही.

तर त्या पंचायतीच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी. मी पाचला उठून खाली गेलो. वाटलं होतं, तो निघायच्या आत पाय धरावेत. खोलीला कुलूप होतं. मोटरसायकल नव्हती.

वर आलो. ती केस विंचरून, साडी नेसून पलंगाच्या कडेला बसली होती. खाली रिक्षावाल्याने हॉर्न दिला.

"गेला?" तिने विचारलं.

"गेला."

"मग?"

"रिक्षावाल्याला वर बोलावतो."

"नको," ती म्हणाली. "तुम्ही उचला."

मी तिच्यापुढे पाठ करून बसलो. तिने गळ्यात हात टाकले. मी गुडघे वाकवले, भार कमरेवर घ्यायला दात आवळून जोर लावला, आणि इतका जोर लावला की मी पुढे दारावर आदळता आदळता वाचलो. पाठीवर वजनच नव्हतं. मला वाटलं ती अजून पलंगावरच आहे, नीट बसली नाही. मान वळवून बघितलं तर तिचा गाल माझ्या खांद्यावर होता. हाडं तेवढी लागत होती. आठ महिने तिला मी उचललंच नव्हतं, ती अशी कधी झाली मला कसं कळणार.

मी तसाच दारात उभा राहिलो. खाली परत हॉर्न वाजला.

"अगं," मी म्हटलं, "तू तर—"

"बोलू नका," ती कानाशी म्हणाली. "पायरी बघा."